सब्र आणि दुखण्याची भाषा

आपल्या घरांतल्या एखाद्या वयस्क बाईला तब्येतीविषयी विचारून पाहावे. उत्तर बहुधा ठरलेले असते : "अल्हम्दुलिल्लाह, बरे आहे." कमरेत कळ येत असली तरी बरे आहे, रात्रभर डोळा लागला नसला तरी बरे आहे. या उत्तरात श्रद्धा आहे, शालीनता आहे, आणि घरच्यांना घोर लावू नये ही मायाही आहे. पण हीच बाई कर्करोगाने आजारी पडून दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसते आणि तिथेही हेच सांगते, तेव्हा त्या उत्तराचा अर्थ बदलतो. कागदावर नोंद होते, 'वेदना नाही'. आणि ज्या वेदनेची नोंद नाही, तिच्यावर औषधही नाही.

ताप थर्मामीटरने कळतो, रक्तदाब यंत्राने कळतो, गाठ किती मोठी आहे ते स्कॅनमध्ये दिसते. दुखणे मात्र ज्याचे त्यालाच ठाऊक असते. दुसऱ्याच्या दुखण्याकडे जाणारी मुख्य वाट त्याच्या शब्दांतूनच जाते. म्हणून कर्करुग्णाच्या वेदनेचे मोजमाप आणि वर्गीकरण कसे होत गेले, याचा इतिहास हा एका अर्थाने रुग्णाच्या शब्दाला वैद्यकाने किती किंमत दिली याचा इतिहास आहे. त्याची सुरुवात शोधायला युरोप-अमेरिकेतच जायला हवे असे नाही. ती आपल्याला बुखाऱ्याकडे घेऊन जाते.

इब्न सिनाच्या पंधरा वेदना

इ. स. ९८० मध्ये बुखाऱ्याजवळ जन्मलेला आणि १०३७ मध्ये हमदान येथे निवर्तलेला इब्न सिना आपल्याला 'बूअली सीना' म्हणून ठाऊक आहे. १०२५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या 'अल्-कानून फित्-तिब्ब' या ग्रंथाच्या पहिल्या भागात वेदनेवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यात त्याने वेदनेचे पंधरा प्रकार नावानिशी दिले आहेत. खाजवणारी, खरखरीत, टोचणारी, दाबणारी, ताणणारी, फाडणारी, मोडणारी, ढिली, भोक पाडणारी, सुई खुपसल्यासारखी, बधिर करणारी, ठणकणारी, जड, थकव्याची आणि झोंबणारी. मराठी वाचकाला ही यादी परकी वाटणार नाही. आपणही सलते, ठणकते, ठसठसते, चुरचुरते, भगभगते, चमक निघते, कळ येते असे वेगवेगळे बोलतोच. बोलीत उर्दू मिसळणाऱ्या आपल्या घरांत जलन, टीस आणि चुभन या शब्दांची त्यात आणखी भर पडते.

इब्न सिना नुसती नावे देऊन थांबला नाही. प्रत्येक वेदनेमागे शरीरात काय घडत असावे, हे त्याने मांडले. दुखणे म्हणजे शरीराची सलगता तुटणे, असे त्याच्या आधीचा ग्रीक वैद्य गॅलन मानत असे. इब्न सिनाने त्याला हरकत घेतली. काही तुटले-फाटले नसतानाही केवळ मिजाजात अचानक बिघाड झाल्याने वेदना होऊ शकते, असे त्याचे म्हणणे होते. त्याचा आधार चार दोषांचा होता, आणि तो सिद्धान्त आज कोणी मानत नाही. पण पद्धत पाहावी. रुग्णाने वापरलेला शब्द हा रोगाच्या जागेचा आणि कारणाचा पुरावा आहे, ही ती पद्धत.

'जड' वेदनेविषयी तो काय लिहितो ते पाहण्यासारखे आहे. फुप्फुस, मूत्रपिंड, प्लीहा यांसारख्या ज्या अवयवांना स्वतःची फारशी संवेदना नाही, त्यांना सूज आली की तिच्या भाराने वरचे आवरण ओढले जाते आणि रुग्णाला जडपणा जाणवतो. यकृतातली गाठ वाढून वरचे आवरण ताणले गेले की बरगडीखाली असेच बोजड दुखते, हे आजचे डॉक्टरही सांगतात. याच ठिकाणी इब्न सिना कर्करोगाचे उदाहरण देतो. जठराच्या तोंडाशी झालेला 'सरतान' त्या भागाची संवेदनाच मारून टाकतो, म्हणून रुग्णाला भार जाणवतो पण दुखत नाही. सरतान म्हणजे खेकडा. ग्रीकांचा 'कार्किनोस', अरबांचा 'सरतान' आणि मराठीतला 'कर्क', तिन्ही भाषांनी या रोगाला एकाच प्राण्याचे नाव दिले आहे.

हा रोग बरा करण्याविषयी त्या काळाच्या वैद्यांना भ्रम नव्हता. स्पेनमधला थोर शल्यवैद्य अल्-झहरावी याने प्रामाणिकपणे नमूद केले आहे की जुना आणि मोठा झालेला सरतान त्याला स्वतःला कधी बरा करता आला नाही आणि दुसऱ्या कोणी केल्याचेही त्याच्या पाहण्यात नाही. अशा वेळी उरते ते दुखणे कमी करणे. इब्न सिनाच्या औषधांत अफू, खुरासानी ओवा आणि मँड्रेकचे मूळ यांचा उल्लेख येतो, आणि अफूच्या अतिवापराचे धोकेही. बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे जेरार्ड ऑफ क्रेमोना याने 'कानून'चे लॅटिन भाषांतर केले आणि हा ग्रंथ पुढे कित्येक शतके युरोपच्या विद्यापीठांत शिकवला गेला.

यंत्राचा मोह

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधनिर्माता सर्टर्नर याने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. त्याच शतकात रोग्याला भूल देऊन शस्त्रक्रिया करता येऊ लागली. पण औषधे सुधारली म्हणून रोग्याचे ऐकण्याची रीत सुधारली, असे झाले नाही. उलट विज्ञानाला आकड्यांची ओढ लागली, आणि रुग्णाचे बोलणे 'व्यक्तिनिष्ठ' म्हणून बाजूला पडू लागले.

१९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये हार्डी, वुल्फ आणि गुडेल या संशोधकांनी 'डोलोरिमीटर' नावाचे यंत्र तयार केले. कपाळावर काळा रंग लावून तिथे दिव्याची उष्णता सोडायची आणि किती उष्णतेला दुखू लागते ते मोजायचे. वेदनेला 'डोल' नावाचे एककही मिळाले. प्रयोगशाळेत निरोगी माणसांवर हे ठीक चालले. पण प्रयोगशाळेतला चटका आणि आजाऱ्याची वेदना यांत मोठे अंतर असते. चटका क्षणात संपणार हे माणसाला माहीत असते, हाडात पसरलेल्या गाठीचे दुखणे संपणार की नाही हे माहीत नसते.

हे अंतर किती महत्त्वाचे आहे ते दुसऱ्या महायुद्धात दिसले. हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांची पाहणी केली आणि १९४६ मध्ये ती प्रसिद्ध केली. मोठ्या जखमा असूनही बऱ्याच सैनिकांनी वेदनाशामक मागितले नव्हते. त्यांच्यासाठी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती. जखमेच्या आकारावरून वेदनेचा आकार ठरत नाही, तिच्या अर्थावरूनही ठरतो. कर्करुग्णाच्या बाबतीत हा अर्थ उलट दिशेने काम करतो. दुखणे वाढले की त्याला वाटते, रोग वाढला, आता दिवस भरत आले.

पुन्हा शब्दांकडे

यंत्र सोडून पुन्हा रोग्याशी बोलायला सुरुवात झाली ती कर्करोगाच्याच वॉर्डात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. रेमंड हौड आणि परिचारिका एडा रॉजर्स यांनी वेदनाशामकांचा तुलनात्मक अभ्यास मांडला. त्यांची पद्धत साधी होती. औषध दिल्यावर ठरावीक वेळाने परिचारिकेने रुग्णाजवळ जायचे, किती दुखते आणि किती आराम पडला ते विचारायचे आणि तो सांगेल ते लिहायचे. विचारलेच तर रुग्णाच्या उत्तरांवर शास्त्र उभे राहू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी याहून एक पाऊल पुढे टाकले. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्या मरणासन्न कर्करुग्णांच्या खाटेशी बसत आणि त्यांचे बोलणे टेपरेकॉर्डरवर घेत. एका बाईला त्यांनी दुखण्याविषयी विचारले. तिने पाठीपासून सुरुवात केली आणि बोलता बोलता नवऱ्याची आणि मुलाची ओढाताण, एकटेपणा आणि कुठेतरी सुरक्षित वाटावे ही तहान असे सगळे सांगितले. यातून १९६० च्या दशकात साँडर्स यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली. शरीराची, मनाची, घरसंसाराची आणि आत्म्याची अशी चारही दुखणी एकाच वेदनेत गुंतलेली असतात. मॉर्फिन रुग्णाने याचना केल्यावर द्यायचे नाही, दुखणे परत डोके वर काढण्याआधी घड्याळाप्रमाणे द्यायचे, हा त्यांचा आग्रह होता. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले.

याच काळात कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक रुग्णांच्या तोंडचे शब्द वहीत उतरवत होते. त्यांनी आणि टॉर्गरसन यांनी १९७१ मध्ये १०२ शब्दांची वर्गवारी केली. १९७५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी वेदना-प्रश्नावली आली. तिच्यात ७८ शब्द आणि २० गट आहेत. काही शब्द दुखणे कसे जाणवते ते सांगतात : ठणकणारे, भोसकणारे, जाळणारे. काही शब्द ते मनाला काय करते ते सांगतात : थकवणारे, धास्तावणारे, शिक्षा दिल्यासारखे. काही एकूण निवाडा देतात : त्रासदायक, असह्य. इब्न सिनाच्या पंधरा शब्दांपासून मेलझॅकच्या अठ्ठ्याहत्तर शब्दांपर्यंत साडेनऊशे वर्षांचा काळ आहे. त्या दोघांना थेट जोडणारा धागा मी दाखवू शकणार नाही, पण दोघांचा विश्वास एकच आहे. रोगी उगाच शब्द बदलत नाही.

कुठले दुखणे, कशामुळे, किती

पुढचा प्रश्न वर्गीकरणाचा होता. 'कर्करोगाचे दुखणे' असे एकच दुखणे नसते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. कॅथलीन फोली यांनी त्याचे तीन भाग केले. गाठीने हाड, मज्जातंतू किंवा अवयव दाबल्याने होणारे, शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांमुळे होणारे, आणि कर्करोगाशी संबंध नसलेले. ऑक्सफर्डच्या डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस आणि फेअरफील्ड यांनी १९८२ मध्ये दुखणे असलेल्या १०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्या शंभर जणांत मिळून ३०३ वेगवेगळी दुखणी निघाली. ८० जणांना एकाहून अधिक ठिकाणी दुखत होते. 'दुखते का?' या प्रश्नाला 'हो' एवढे उत्तर पुरत नाही, ते यावरून कळते.

शब्दांचा उपयोग इथे औषध निवडण्यापर्यंत पोचतो. आग होते, मुंग्या येतात, विजेचा झटका बसतो, कापड लागले तरी सहन होत नाही, असे रुग्ण म्हणाला तर मज्जातंतूंना इजा झाली असावी असा संशय येतो. अशा दुखण्याला एकटे मॉर्फिन पुष्कळदा पुरे पडत नाही, वेगळ्या गोळ्या जोडाव्या लागतात. एका जागी बोट ठेवून 'इथेच, उठताना' असे तो म्हणाला तर हाड तपासावे लागते, आणि तिथे किरणोपचाराने आराम पडू शकतो. पोटात खोल कुठेतरी पिळवटते पण नेमके दाखवता येत नाही, हे बहुधा आतल्या अवयवाचे दुखणे. औषध चालू असतानाही मध्येच उसळणारी जोरदार कळ ही आणखी निराळी. पोर्टेनॉय आणि हेगन यांनी १९९० मध्ये तिचे स्वतंत्र वर्णन केले.

किती दुखते यासाठी शून्य ते दहा हा आकडा रूढ झाला. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढे भयंकर. अमेरिकेतील चार्ल्स क्लीलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या संक्षिप्त वेदना-सूचीत या आकड्याबरोबर आणखी प्रश्न आहेत. दुखण्याने झोप मोडते का, चालता येते का, काम होते का, माणसांशी बोलावेसे वाटते का? तिची हिंदी आवृत्ती १९९९ मध्ये उत्तर भारतातील कर्करुग्णांवर तपासून प्रसिद्ध झाली. या सूचीच्या आधारे १९९५ मध्ये असे दिसले की ४ पर्यंत सौम्य, ५ ते ६ मध्यम आणि ७ पासून पुढे तीव्र, कारण या टप्प्यांवर माणसाचे रोजचे जगणे ठळकपणे बिघडते.

क्लीलंड यांच्या १९९४ च्या अमेरिकेतील पाहणीचा निष्कर्ष आपण विशेष लक्षात ठेवावा. रोग पसरलेल्या १,३०८ रुग्णांची ही पाहणी होती. दुखणे असलेल्यांपैकी ४२ टक्क्यांना वेदनाशामक अपुरे मिळत होते. रुग्ण सांगतो तेवढे दुखणे डॉक्टरांना वाटत नव्हते, हे त्यामागचे एक मोठे कारण. आणि जिथे प्रामुख्याने अल्पसंख्य समाजाचे रुग्ण येत, तिथे अपुऱ्या उपचारांची शक्यता तिप्पट होती. कोणाचा शब्द खरा मानायचा, हा प्रश्न दवाखान्याच्या दारात संपत नाही.

कॅनडातील एडमंटन शहरात १९८९ पासून डॉ. एडुआर्डो ब्रुएरा आणि पुढे डॉ. रॉबिन फेनसिंगर यांच्या पथकांनी दुखण्याच्या वर्गीकरणाची एक पद्धत घडवली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात. दुखणे मज्जातंतूंचे आहे का, हालचालीने उसळते का, मनावर मोठा ताण आहे का, व्यसनाचा पूर्वेतिहास आहे का, आणि रुग्ण नीट भानावर आहे का? यांतली गुंतागुंत जितकी जास्त तितके दुखणे आटोक्यात आणणे अवघड, हे आधीच ओळखता यावे हा हेतू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, कर्करोगाशी निगडित दीर्घकालीन वेदनेला स्वतःची जागा मिळाली आहे. तिथेही गाठीमुळे होणारी आणि उपचारांमुळे होणारी असा भेद ठेवला आहे.

अफू पिकवणारा देश

वेदना मोजायची ती शमवण्यासाठी. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन पायऱ्यांची शिडी सुचवली. सौम्य दुखण्याला साधी वेदनाशामके, मध्यमाला कोडीनसारखी आणि तीव्र दुखण्याला मॉर्फिन. शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे. २०१८ च्या मार्गदर्शिकेत ही शिडी काटेकोर नियम म्हणून न ठेवता सर्वसाधारण दिशा म्हणून ठेवली आहे, प्रत्येक रुग्णाचे मूल्यमापन वेगळे करावे यावर भर आहे.

भारताची कथा मात्र विपरीत घडली. औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे इतके जंजाळ उभे केले की देशातील मॉर्फिनचा औषधी वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला आणि १९९७ मध्ये तो अवघ्या १८ किलोंवर आला. ज्यांना गरज होती ते रुग्ण कळवळत राहिले. मुंबईत १९४१ पासून टाटा मेमोरियल रुग्णालय होते, १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना हे देशातले पहिले हॉस्पिस उभे राहिले. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. पुढे मलबारच्या गावागावांत शेजारीपाजारी स्वयंसेवक होऊन रुग्णांच्या घरी जाऊ लागले, आणि त्यांत तिथल्या मुसलमानांचा वाटा मोठा आहे. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनची वाट बरीच मोकळी झाली. आता कायद्यापेक्षा भीती आणि संकोच हाच मोठा अडसर आहे.

सब्र म्हणजे मौन नव्हे

हा संकोच आपल्या समाजात कोणत्या रूपाने येतो, हे आपणच आपल्याला विचारायला हवे. एक रूप नशेच्या भीतीचे आहे. मॉर्फिन अफूपासून होते, मग ते हराम तर नाही? नशा म्हणून घेणे आणि वैद्याच्या देखरेखीखाली औषध म्हणून घेणे यांतला फरक आपल्या फिकहला अपरिचित नाही. निकडीच्या वेळी सवलत मिळते, हे तत्त्व आपले उलेमा शिकवतात. आजाऱ्याला रमजानच्या रोज्यातही सूट आहे.

दुसरे रूप परक्या माणसासमोर बोलण्याचे. स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेली आई बोलत नाही, तिच्या वतीने मुलगा बोलतो. त्याला ती जेवढे सांगते तेवढेच तो सांगतो, आणि मुलाला तरी ती काय सांगणार? तंबाखू आणि मिश्रीने तोंड पोखरलेल्या रुग्णाला तर बोलताच येत नाही. अशांसाठी चेहऱ्यांची चित्रे आहेत, बोटांनी दाखवायचे आकडे आहेत. पण जवळ बसून विचारणारे कोणी लागते. बाईला बाईने एकांतात विचारले तर पुष्कळ गाठी सुटतात.

तिसरे रूप सर्वांत खोल आहे. दुखणे बोलून दाखवले तर सब्र मोडतो, अल्लाहची नाशुक्री होते, अशी समजूत. मला वाटते, ती हजरत अय्यूब यांच्या कथेचे अर्धेच वाचन आहे. सब्रचे नाव निघाले की त्यांचेच उदाहरण देतात. पण कुरआनातले अय्यूब मुके नाहीत. आपल्याला पीडेने गाठले आहे, हे त्यांनी आपल्या रबला बोलून दाखवले. त्या बोलण्याला उत्तर मिळाले, पीडा दूर झाली. आणि तरीही त्यांचा गौरव झाला तो सब्र करणारे म्हणूनच. म्हणजे दुखणे सांगणे आणि सब्र यांत वैर नाही. तक्रार नशिबाविरुद्ध असते, माहिती उपचारासाठी असते.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. त्या सुधारणेसोबत जोडलेल्या टिपांत, माणूस दुखते म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे, असे नमूद केले आहे. बोलता न येणाऱ्यालाही दुखत असू शकते, हेही त्यात आहे. हजार वर्षांच्या प्रवासानंतर शास्त्र इथे येऊन पोचले आहे.

म्हणून पुढच्या वेळी घरातल्या आजारी माणसाने "अल्हम्दुलिल्लाह, बरे आहे" म्हटले, तर शुकराचा तो शब्द आपणही म्हणावा आणि जवळ बसून पुढचे प्रश्न विचारावेत. कुठे दुखते? कसे दुखते, ठणकते की जळते? रात्री झोप लागली का? उठताना वाढते का? मिळालेली उत्तरे तिच्याच शब्दांत कागदावर लिहावीत आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा. बूअली सीनाच्या वारसदारांनी एवढे करायला हरकत नाही.